बुरखेवालो हरतलो

वेंगुर्ल्यात मला खोली मिळाली ती माझ्या आवाजामुळे. मी जामसंड्याची. मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच लागले होते आणि ट्रंक घेऊन दारोदार फिरत होते. जिथे जावं तिथे आधी वडील काय करतात हे विचारत, आणि मग लग्न का झालं नाही हे. एकाच घरात पडवीत सुकट निवडत बसलेल्या बाईने मान वर न करता विचारलं, "मोठ्यान वाचूक येता?"

"येता," मी म्हटलं.

"वाच मगे." तिने सुकटीखालचा कागद ओढला, झटकला आणि माझ्यापुढे धरला. कागदावर दोन उघडे पैलवान एकमेकांच्या माना पिळत होते. मी घसा साफ करून वाचलं की, अमुक साहेबाने तमुक सिंगाची हाडं मोडून ती पंजाबला पार्सल करण्याची प्रतिज्ञा केली आहे. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अंगणात मशेरी थुंकली आणि म्हणाली, "साहेब हरतलो. खोली मागच्या बाजूक आसा. ट्रंक थंय ठेव."

अशी मी काकीची भाडेकरू झाले.

सगळं गाव तिला काकी म्हणायचं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. बुटकी, रुंद, नऊवारी पोटरीच्या वर खोचलेलं, आणि तोंडात कायम मशेरी. मशेरी थुंकल्याशिवाय ती बोलत नसे, आणि बोलायला लागली की समोरच्याला वाटे, हिने थुंकली नसती तर बरं झालं असतं. 'शिरां पडो तुझ्या तोंडार' हा तिचा सर्वसाधारण नमस्कार. देवाशीही ती त्याच सुरात बोले. नारळ नासका निघाला तर रवळनाथाचीसुद्धा गय नव्हती.

त्या वर्षांत मुंबईला फ्रीस्टाईल कुस्त्यांचं वेड लागलं होतं. वर्तमानपत्रं कुस्तीच्या आधी दोन्ही पैलवानांच्या धमक्या छापत, छात्यांची मापं छापत, आणि कोण जिंकणार यावर रकानेच्या रकाने लिहीत. काकीने त्यातली एकही कुस्ती पाहिलेली नव्हती. मुंबईच पाहिलेली नव्हती. पण कोण जिंकणार हे ती आधी सांगे आणि ते खरं होई.

'आधी' हा शब्द जरा सांभाळून घ्यावा लागे. वर्तमानपत्र मुंबईहून बोटीने यायचं. ते पडवीत पोचेपर्यंत कुस्ती होऊन, जिंकलेला पैलवान दूध पिऊन आणि हरलेला अंग शेकून झोपून उठलेला असे. निकाल पुढच्या बोटीत. मधल्या काळात आमच्या पडवीत काकी त्या होऊन गेलेल्या कुस्तीचं भविष्य सांगे आणि गाव श्वास रोखून ऐके. यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. पावसाळ्यात बोट बंद झाली की भविष्य आणखी शिळं होई, एवढंच.

रविवारी सकाळी पडवी भरून जायची. मी खांबाला टेकून वाचायची. सगळ्यांत पुढे सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर, कारण त्याला विज्ञान येत होतं.

"पण काकी, त्या साहेबाची छाती तरी बघा केवढी!" तो म्हणायचा.

"छाती म्हशीकय आसता. म्हस कुस्ती जिकता काय?"

कंपाउंडर चपला घालून निघायचा. पुढच्या रविवारी नवा मुद्दा घेऊन हजर.

तिचं गुपित मला कळलं ते काकांमुळे. काका म्हणजे तिचा नवरा. उंचापुरा, भल्या थोरल्या डोक्याचा माणूस, पण घरात त्यांचा आवाज मांजरापेक्षा लहान. दिवसभर कोपऱ्यात सुपारी सोलत बसत. हेच काका पूर्वी दशावतारात राक्षस होते, यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. वर्षानुवर्षं जत्रेजत्रेला ते रात्रभर गर्जना करत आणि उजाडताना देवाच्या हातून मरत. मरून मरून गुडघे गेले, तेव्हा घरी बसले.

"मी ह्यांका पयल्यांदा बघलंय तेवा हे मरत होते," काकी मला एकदा म्हणाली. "इतके बरे मरत होते गो, मी आवशीक सांगलंय, माका ह्योच घोव होयो. जिकताना सगळेच बरे दिसतत. हरताना कसो दिसता ता बघूचा."

कोपऱ्यातलं सुपारी सोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"बाये, तुका म्हणान सांगतंय," ती पुढे म्हणाली, "ही कुस्ती न्हय. ह्यो दशावतार. पेपरात जो आधी 'हाडां मोडीन' म्हणता, तो राक्षस. जो गप ऱ्हवता, तो देव. मधी कधीतरी देवाक एकदा पाडतत, म्हणजे लोक कळवळतत आणि पुढच्या खेपेक परत येतत. बस. ह्येच्यात छातयेचा काय आसा?"

"मग हे लोकांना सांगत का नाही?"

"सांगलंय तर आयतवारी माझ्या पडवेत कोण येतलो? तुझो बापूस?"

तिला फसलेलं मी एकदाच पाहिलं. मुंबईतली एक गाजलेली कुस्ती बरोबरीत सुटली. बातमी वाचताना माझाच आवाज बारीक झाला. काकी उठून उभी राहिली. "बरोबरी म्हंजे काय? नरसिंह आणि हिरण्यकश्यपू हात मिळवन घराक गेले?" त्या पंचाला तिने इतक्या शिव्या दिल्या की मुंबईत त्याला उचक्या लागून पाणी मागावं लागलं असेल. पुढचे काही दिवस घरात माशाच्या आमटीला चव नव्हती. काका मुकाट्याने जेवत होते. मीही.

माणूस दिसला की ती त्याची कुस्ती लावायची. पोस्टमन उजव्या पायावर कच्चा. शाळेच्या हेडबाई पहिली फेरी मारतील, पण दम टिकायचा नाही. मला बघायला मालवणहून एक स्थळ आलं तेव्हा मुलगा, त्याची आई आणि एक मामा असे पडवीत बसले होते. काकी पोह्यांच्या बशा देत एकेकाला निरखत होती. ते गेल्यावर मी गमतीने विचारलं, "काय काकी, कोण जिंकणार?"

"त्येची आवस."

"आणि तो?"

"तो रिंगणात येवचोच नाय. दोरी धरून भायरच्या भायर उभो ऱ्हवतलो."

थोड्याच दिवसांत नकार आला. आईच्या प्रकृतीचं कारण दिलं होतं.

मग एका वर्षी, भाताची कापणी उरकून मळे मोकळे झाले तेव्हा, कर्णा लावलेली एक भाड्याची मोटार गावात धूळ उडवत शिरली. "पंजाबचा वाघ तुफानसिंग विरुद्ध अज्ञात देशाचा काळा बुरखा! हरला तर भर रिंगणात बुरखा काढणार! आपल्या वेंगुर्ल्यात! रविवारी संध्याकाळी!"

मुंबईच्या वर्तमानपत्रात पाहिलेले पैलवान मळ्यात उतरणार म्हटल्यावर गावाची झोप उडाली. अज्ञात देश कुठला, यावर वाद झाले. कंपाउंडर इराण म्हणत होता. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या बाई अबिसीनिया म्हणत होत्या. त्या आधीच्या रविवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं माडांना टेकून उभी होती. काकीने मशेरी थुंकली.

"बुरखेवालो हरतलो," ती म्हणाली. "आणि अख्ख्या वेंगुर्ल्याक त्येचा तोंड दिसतला."

संध्याकाळपर्यंत हे आसपासच्या गावांत पोचलं. तिकिटांची झुंबड उडाली.

तमाशा पुढेच होता. पैलवानांना ठेवायला खानावळवाले तयार होईनात, त्यांच्या जेवणाला घाबरून. तेव्हा फेल्ट हॅट घातलेला एक मॅनेजर आमच्या दारात आला आणि घरामागचा मांगर मागितला. मांगर म्हणजे आमच्याकडे गवत, काटक्या, नारळ ठेवायची वेगळी झोपडीवजा खोली. काकीने सगळे नारळ स्वतः हलवले. देव आणि राक्षस दोघेही तिच्या घरी उतरत होते.

तुफानसिंग दारातून आत आला तो वाकून आणि आडवा होऊन. हा पंजाबचा वाघ शाकाहारी निघाला. बांगड्याचा वास आला की पागोट्याचा शेव नाकाला लावून फणसाखाली जाऊन बसे, आणि काकीला "माताजी, माताजी" म्हणत ताकावर ताक पीत राही. काळा बुरखा मात्र बुरखा घालूनच जेवे. अज्ञात देशाची भाषा म्हणून फक्त "हुं, हुं" करायचं, असं मॅनेजरने त्याला बजावलेलं. पोस्टरवर एकमेकांच्या रक्ताला तहानलेले हे दोघे मांगरात एकाच चटईवर पालथे पडून आळीपाळीने एकमेकांचे पाय चेपत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. काळ्या बुरख्याने घास घेतला. थांबला. बोटं चाटली. पुन्हा घास घेतला. आणि बुरख्याच्या आतून स्पष्ट आवाज आला, "ह्येच्यात तिरफळा घालूक विसरल्यात काय?"

काकीच्या हातातली वाढायची डवली हवेत राहिली. तिरफळं ती खरंच विसरली होती.

"खंयचो रे तू, मेल्या?"

त्याने बुरखा काढला. तिशीचा, गोल तोंडाचा, म्हशीच्या रेडकासारखे डोळे असलेला माणूस. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिखटाचं नव्हतं. अज्ञात देश म्हणजे घाटाखालचं एक गाव निघालं, वेंगुर्ल्याहून गाडीने सकाळी निघालं तर दुपारी पोचावं असं.

"कोल्हापुराक, बेळगावाक दर खेपेक बुरखो निघता," तो म्हणाला. "थंय माका कोण वळाखता? पण हयसर आमचो अख्खो गाव येता, ट्रक करून. बापूसय येता. त्येका वाटता, मी मुंबयक गिरणीत मुकादम आसंय."

"मगे? चोरी केलंस काय?"

"बापूस मातयेत कुस्ती खेळायचो. 'पाठ जमनीक लागली तर घराक येव नको' म्हणायचो. आणि मी पाठ लावन पोट भरतंय." त्याने ताट पुढे सरकवलं. "त्येच्या फुड्यात तोंड उघडा पडला तर तो गावात कसो फिरतलो?"

काकी तशीच खरकट्या हाताने मॅनेजरकडे गेली. मी मागून. मॅनेजर अंगणात दाढी करत होता.

"बुरखो काढूचो नाय," काकी म्हणाली.

मॅनेजर हसला. "बाई, लोक कुस्ती बघायला येत नाहीत, तोंड बघायला येतात. आणि तोंड दिसणार, हे गावोगाव कोणी सांगितलं? तुम्हीच."

काकी तशीच मागे फिरली. ती घरात आली, विळीवर बसली आणि नारळ खवू लागली. खवत राहिली. पांढरं संपलं, तपकिरी लागलं, तरी हात थांबेना.

"करवंटी पडाक लागली गो," कोपऱ्यातून काका म्हणाले.

तिने हात थांबवला. काकांनी सुपारी खाली ठेवली. "लोकांक तोंडच दाखवूचा आसा मा? दाखवया. खंयचा दाखवूचा, ता आपण ठरवया."

रविवारी दुपारी काकांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. आत सफेता होता, लाल रंग होता, काजळ होतं. आधी खोबरेल चोपडून ते त्याचं तोंड रंगवायला बसले. मी आरसा धरला होता. लाल कपाळ, पांढऱ्या भुवया, गालांवर काळे फराटे, हनुवटीपर्यंत आलेले सुळे. मांजरासारखा बोलणारा तो माणूस काम करताना एकदम मोठा वाटायला लागला. तुफानसिंग मांडी घालून लहान मुलासारखा बघत होता. शेवटी त्याने स्वतःचंही तोंड पुढे केलं, तेव्हा काकांनी त्याच्या कपाळावर गंध काढून त्याची समजूत घातली.

"तोंडार मारू नको हां रे," काकीने त्याला बजावलं. त्याला शब्द कळले नाहीत, पण तिचं बोट कळलं.

"आणि तू," काका राक्षसाला म्हणाले, "बुरखो निघालो की गप ऱ्हव नको. गप ऱ्हवलस तर रंग दिसतलो. वरडलस तर राक्षस दिसतलो."

वरून हलक्या हाताने बुरखा चढवला.

मळ्यात कनातीच्या आत बाजारापेक्षा जास्त गर्दी होती. गॅसबत्त्या पेटल्या होत्या. रिंगणाला बंदरावरून आणलेले दोर लावले होते. त्यांना माशांचा असा वास मारत होता की तुफानसिंग दोरांच्या जवळ जायलाच तयार नव्हता. बुरखेवाल्याने कनातीच्या फटीतून आम्हाला त्याचा बाप दाखवला. किडकिडीत म्हातारा, डोक्याला लाल पंचा, काखेत छत्री. काकी माणसं ढकलत गेली आणि नेमकी त्याच्या पुढ्यात जाऊन बसली.

कुस्ती सुरू झाली आणि म्हाताऱ्याच्या अंगात आलं. "पाड त्या बुरखेवाल्याक! हाडां मोड त्येची! नरड्यार पाय दी!" छत्री काकीच्या कानाशी नाचत होती. रिंगणातल्या बुरख्याने तो आवाज ओळखला असावा, कारण तो मध्येच थबकला आणि तुफानसिंगाने त्याला उचलून धाडकन आपटलं.

काकी मागे वळली. "गप ऱ्हव रे मेल्या! तोय कोणाचो तरी झिलच आसा!"

'कोणाचा तरी मुलगा' ऐकून म्हाताऱ्याची छत्री खाली आली. मग पुन्हा, जरा हळू, "पाड त्येका."

शेवटी बुरखेवाल्याची पाठ टेकली. गाव उभं राहिलं. मॅनेजर रिंगणात गेला, हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि बुरख्याची नाडी सोडली. कंपाउंडर "इराण, इराण" पुटपुटत होता. बुरखा निघाला.

आतून लाल कपाळाचा, सुळे बाहेर आलेला राक्षस निघाला, आणि तो ओरडला. पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरली. मॅनेजर दोन पावलं मागे सरकून दोरात अडकला. मग कुणीतरी डबा बडवायला सुरुवात केली, दशावतारातल्या राक्षसाच्या प्रवेशाचा ताल, आणि सगळा मळा त्या तालावर टाळ्या पिटू लागला. राक्षस कमरेवर हात ठेवून उठला आणि रिंगणभर नाचला. हरलेल्या माणसाला एवढ्या टाळ्या पडलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत. तुफानसिंगाकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. माझ्या शेजारी काका डोळे मिटून ती गर्जना ऐकत होते. "घसो अजून सोडूक होयो," ते म्हणाले.

पैलवान पहाटेच्या ट्रकने कुडाळला गेले. मॅनेजर जाम खूश होता. आता बुरखा नको, थेट राक्षसच उतरवू म्हणाला, आणि रंगवायला काकांनी बरोबर यावं म्हणून मागे लागला होता. काकांनी गुडघे दाखवले. तेव्हा तो थोडा रंगच मागून घेऊन गेला.

ऊन वर आलं तेव्हा फाटकात तो लाल पंचावाला म्हातारा उभा होता. "ह्यां काकीचा घर मा?" म्हणून पायरीवर बसला. काकीने गूळपाणी दिलं. पाणी पिऊन त्याने छत्री मांडीवर आडवी घेतली.

"लागता काय त्येका?" त्याने विचारलं.

"कोणाक?"

"राक्षसाक."

काकी माझ्याकडे बघायला लागली. "तुमका कित्याक पंचाईत?"

"कमरेर हात ठेवन उठलो तो. माझो बापूस तसोच उठायचो. मीय तसोच उठतंय." म्हाताऱ्याने भांडं खाली ठेवलं. "ट्रकातल्या कोणाक कळूक नाय. मी सांगूक नाय."

काकीचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "लागणा नाय. सगळा नाटक. हयसर होते तेवा एकमेकांचे पाय चेपत होते."

"आणि मी हाडां मोड म्हणान वरडत होतंय."

"ठावक आसा. माझ्याच कानात वरडत होतात."

म्हातारा हसला की काय, नीट कळलं नाही. "मुकादम न्हय तर," तो म्हणाला. "बरा झाला. मुकादमाक लोक गाळी घालतत. ह्येका टाळयो तरी गावले." मग थोड्या वेळाने, "आता खंय?"

"कुडाळाक. बुधवारी."

"थंय कोण जिकतलो?"

कुस्तीचं भविष्य सांगण्याआधी काकी नेहमी मशेरी थुंके. त्या दिवशी तिने ती गिळली.

"तुमचो झिल," ती म्हणाली.

म्हातारा कमरेवर हात ठेवून उठला. "मगे कुडाळाक जावक होया," म्हणाला आणि छत्री काखेत मारून चालायला लागला.

तो फाटकाबाहेर पडला न पडला तोच काकी गरजली, "ओ, ऐकलात? सदरो घाला! कुडाळची गाडी धरा. त्या पंजाब्याक सांगा, माताजीन सांगल्यान हा, एक दिवस पड म्हणान."

"मॅनेजर ऐकूचो नाय," काका म्हणाले.

"मॅनेजराच्या तोंडार शिरां पडो. पंजाबी ऐकतलो. त्येना माझा ताक पिलाहा."

"पण काकी," मी म्हटलं, "देव हरला तर सगळं उलटंच की."

"देव एक दिवस पडलो तर देवाचा काय झिजता?"

काका गेले. गुडघ्यांना तेल लावून गेले. बुधवार गेला. गुरुवारी सकाळच्या गाडीला आले नाहीत. काकी दर थोड्या वेळाने फाटकात जाऊन कोंबड्यांना शिव्या देऊन परत येत होती. दुपार टळल्यावर काका आले, लंगडत. पायऱ्या चढून पडवीत बसले. काकीने पायांवर पाणी ओतलं.  शेवटी मलाच राहवेना.

"काय झालं, काका?"

"पडलो," काका म्हणाले.

"कोण?"

"पंजाबी."

काकीने तांब्या खाली ठेवला. "आणि बापूस?"

"छत्री मोडल्यान. नाचता नाचता."

"मॅनेजर?"

"रडता हा अजून."

"मगे इतको येळ खंय होतात?" काकीचा आवाज आता पूर्ववत झाला होता. "जीव टांगणेक लागलो हयसर!"

"काल रात्री पायच हलाना नाय. थंयच निजलंय." काकांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "पंजाबी माणूस बरो गो, पण त्येका पडाक येणा नाय. जन्मात कधी पडलोच नाय तो. दुपारभर पडान दाखवलंय त्येका, तेवा खंय शिकलो. आता माका उठाक हात दी."

काकीने हात दिला. शिव्या नंतर दिल्या.